घरी लॅप स्टील गिटार बनवताना: आधी सुटे भाग, मग रेघ, मग करवत

लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर स्टीलचा बार सरकवत वाजवायची गिटार, घरी बनवणाऱ्यांचे फोटो माझ्याकडे येत असतात. लाकूडकाम बहुतेकांचं चांगलंच असतं. घोळ असतो तो क्रमात. फळी आधी कापली जाते, पॉलिश होतं, आणि मग पिकअप (तारांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) आणायला गेल्यावर कळतं की तारांमधलं अंतर त्याच्या खांबांशी (तारांखाली येणाऱ्या धातूच्या टोकांशी) जुळत नाही. किंवा वाद्य पूर्ण होतं, वाजतंही, पण सुरांच्या खुणांपैकी पाचव्या रेघेवर बार ठेवला की सूर किंचित चढा लागतो आणि कारण सापडत नाही. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच काम करा.

इथे आपण सहा तारांचं, एकाच फळीतलं, एक पिकअप आणि दोन नॉब असलेलं वाद्य बनवतोय. दुकानात ‘लॅप स्टील’ म्हटलं तर समोरचा गोंधळतो. ‘हवाईयन गिटार’ म्हणा, लगेच कळतं. मानेचा वेगळा जोड नाही, फ्रेट (पडदे) ठोकायचे नाहीत, त्यामुळे सुताराची मोठी कारागिरी लागत नाही. मोजमाप मात्र सोनाराचं लागतं.

१. लाकडाच्या आधी सुटे भाग हातात घ्या

खालच्या वस्तू टेबलावर आल्याशिवाय फळीवर पेन्सिलही टेकवू नका.

पिकअप: हंबकर (दोन कॉइलचा, गुणगुण कमी करणारा प्रकार) घ्या. सिंगल कॉइलचा आवाज मलाही आवडतो, पण ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर आणि मोबाइलचा चार्जर असलेल्या खोलीत तो सतत गुणगुणतो. पहिल्या वाद्याला ती डोकेदुखी नको. दोन वायरींचा, म्हणजे मधे एक गरम (सिग्नलची) वायर आणि भोवती जाळी असलेला हंबकर मिळाला तर सोन्याहून पिवळं. चार वायरींचा असेल तर रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. त्याच्यासोबत आलेला कागद जपून ठेवा.

पिकअप हातात आला की पट्टीने पहिल्या आणि सहाव्या खांबाच्या मध्यांमधलं अंतर मोजा. हंबकरमध्ये ते साधारण ५० मिमी भरतं. हे माप वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी मापं याच्यावर बेततात.

ट्यूनिंगच्या चाव्या: तीन डाव्या, तीन उजव्या, सुट्या.

दोन पॉट (नॉबखालचे, आवाज आणि टोन कमी-जास्त करणारे भाग): ५०० के, लॉग प्रकारचे. अंगावर ‘ए ५०० के’ असं असतं. ‘बी’ म्हणजे लिनिअर. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून बी पुढे करतो. सेम नाही. बी लावला तर आवाज नॉबच्या शेवटच्या छोट्याशा फेऱ्यात एकदम पडतो, बाकी सगळा फेरा फुकट जातो. सिंगल कॉइल लावणार असाल तर पॉट २५० के घ्या.

कपॅसिटर: हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅरॅड. हिरव्या मायलर कपॅसिटरवर ‘२ए२२३जे’ असं छापलेलं असतं, त्यातलं २२३ बघायचं. सिंगल कॉइलला ४७३.

बाकी: पाव इंची मोनो जॅकचं सॉकेट (साउंडवाले याला ‘पी-३८’ म्हणतात), मीटरभर सिंगल कोअर शील्डवाली माइक वायर, नट आणि ब्रिजसाठी १२ मिमीचा चौकोनी धातूचा बार, आणि इलेक्ट्रिक गिटारच्या निकेल गुंडाळीच्या जाड तारा, १२ ते ५२ किंवा त्याच्या आसपासचा सेट.

सावध: अकूस्टिक गिटारच्या ब्राँझच्या तारा लावू नका. पिकअप चुंबकावर चालतो, ब्राँझची गुंडाळी त्याला जवळजवळ दिसतच नाही. जाड तारा मुक्या, बारीक तारा कर्कश, असं विचित्र वाद्य तयार होतं आणि लोक दोष पिकअपला देतात.

२. कागदावर पूर्ण मापाचं चित्र

वाद्याचा कंपन पावणारा तारेचा भाग, म्हणजे नटच्या (डोक्याकडच्या टेकणाच्या) कडेपासून ब्रिजच्या (दुसऱ्या टोकाच्या टेकणाच्या) कडेपर्यंतचं अंतर, साडेबावीस इंच ठेवू. ५७१.५ मिमी. लॅप स्टीलला हे नेहमीचं माप आहे. इथून पुढे इंच विसरा, मिलिमीटरमध्येच बोला. लाकडाच्या वखारीत इंच, कागदावर मिलिमीटर आणि मनात दोन्ही, असं झालं की चूक ठरलेली.

भिंतीच्या कॅलेंडरची पानं उलटी चिकटवून मीटरभर लांब कागद करा. मधोमध एक सरळ रेघ ओढा. पट्टी सरकवत ओढू नका. दोन टोकांना खिळे ठोकून ओळंब्याचा दोरा ताणा आणि त्याच्याखाली खुणा करून त्या जोडा. ही मध्यरेघ. पिकअप, नट, ब्रिज, चाव्या, सगळं हिच्यापासून मोजायचं. लाकडाच्या कडेपासून काहीही मोजायचं नाही, कारण कडा रंध्याखाली बदलते, रेघ बदलत नाही.

आता डावीकडून उजवीकडे: डोकं १५० मिमी, मग १० मिमी मोकळी जागा, मग १२ मिमीचा नट. नटची उजवी कड म्हणजे शून्य. तिथून ५७१.५ वर ब्रिजची डावी कड. ब्रिजमागे ३० मिमीवर तारांची भोकं. त्यापुढे शंभरेक मिमी लाकूड राहू द्या.

तारांचा पसारा ब्रिजवर ५० मिमी, म्हणजे शेजारच्या दोन तारांत १० मिमी. नटवर ४६ मिमी. पिकअप ब्रिजच्या जवळ असल्यामुळे तिथे तारा खांबांवर बरोबर येतात. पिकअपचा मध्य ब्रिजच्या कडेपासून ४५ मिमीवर घ्या. त्याहून जवळ नेला तर आवाज पत्र्यासारखा पातळ होतो.

तपासा: कागदावर प्रत्यक्ष पिकअप, बार आणि चाव्या ठेवून बघा. चावीचा कान शेजारच्या चावीला घासतो का? पिकअपच्या रिंगचा स्क्रू ब्रिजखाली जातो का? हे कागदावर कळलं तर खोडरबर पुरतं.

३. फळी निवडणं

सागवान घ्या. तीन फूट लांब, सहा इंच रुंद, दीड इंच जाड. एवढा तुकडा साधारण साडेतीन किलोचा भरतो, पण मानेचा भाग निमुळता केल्यावर आणि खोबण्या काढल्यावर बराच हलका होतो. जुन्या घरांच्या चौकटी, फळ्या पाडकामाच्या बाजारात मिळतात आणि त्या चांगल्या वाळलेल्या असतात. नवं ओलं लाकूड पावसाळ्यात आणि मग उन्हाळ्यात असं काही हलतं की महिन्याभरात पीळ दिसतो.

जुन्या चौकटीत एक धोका असतो. मी एकदा रंधा मारायला दिलेल्या फळीत बिजागरीचा तुटलेला स्क्रू होता, वरून लांबी (पुट्टी) भरलेली. रंध्याच्या पात्याला खाच पडली आणि सुतारकाकांनी दोन महिने बघितलं नाही माझ्याकडे. तेव्हापासून स्पीकरचं जुनं चुंबक दोऱ्याला बांधून पूर्ण फळीवरून फिरवतो. जिथे ते ओढ घेतं, तिथे पेन्सिलचा गोल.

रेषा लांबीच्या दिशेने सरळ धावणाऱ्या हव्यात, तिरक्या उतरणाऱ्या नकोत. गाठ मानेच्या भागात नको. वरचा पृष्ठभाग सपाट आहे का ते पाहायला दोन सारख्या उंचीच्या पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एका टोकाकडून डोळा लावा. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. पीळ असेल तर आत्ताच रंधा मारून घ्या.

४. आकार, डोकं आणि भोकं

कागदी चित्र फळीवर ठेवून टोच्याने मुख्य बिंदू उतरवा. उजवीकडचा ३३० मिमीचा भाग पूर्ण रुंद ठेवा, मानेचा भाग ८० मिमीपर्यंत अरुंद करा. पण आकार कापण्याआधी भोकं पाडा. चौकोनी फळी शिकंज्यात नीट बसते आणि ड्रिल काटकोनात राहतं. गोलाई दिलेली फळी डुगडुगते.

डोक्याचा भाग वरच्या बाजूने १४ मिमी खाली उतरवा आणि मागून तासून एकूण जाडी १५ मिमीच्या आसपास आणा. आपल्या चावीच्या खांबाची लांबी बघून हा आकडा एखादा मिमी इकडेतिकडे होईल. हा उतार का लागतो? नटवरून तार खाली दबून जायला हवी. डोकं वरच्याच पातळीत ठेवलं तर तार नटवर नुसती टेकते आणि छेडली की खडखडते.

चाव्यांची भोकं बुशच्या (चावीच्या खांबाभोवतीच्या कड्याच्या) मापाने पाडा. सीलबंद चाव्यांना सहसा १० मिमी लागतं, तरी कॅलिपरने मोजा. ब्रिजमागची सहा भोकं आरपार, ४ मिमीची, आणि ती हातातल्या ड्रिलने पाडू नका. फॅब्रिकेशनवाल्याकडे उभं ड्रिल असतं, थोडक्या पैशांत काम होतं. हातातल्या ड्रिलने वरून एका ओळीत दिसणारी भोकं मागून बाहेर येताना सापासारखी येतात.

मागच्या बाजूला २० बाय ३ मिमीची लोखंडी पट्टी बसवा, तिला २ मिमीची सहा भोकं. तारेच्या टोकाची गोळी या पट्टीला अडकते. नुसत्या लाकडावर ठेवली तर ती हळूहळू आत रुतते आणि वाद्य रोज उतरतं. सहा तारांची मिळून ओढ पन्नास किलोच्या घरात जाते, एवढं लक्षात ठेवा.

५. नट आणि ब्रिज: इथे घाई केली तर जवारी मिळते

१२ मिमीचा चौकोनी बार म्हणजे खिडकीच्या ग्रिलला वापरतात तो. पितळी मिळाला तर उत्तम, तो गंजत नाही. ७० मिमीचे दोन तुकडे करा. दोन्ही टोकांना ४ मिमीचं भोक, स्क्रूचं डोकं आत बसेल असं वरून रुंद केलेलं.

आता कानस. बारचा वरचा पृष्ठभाग सपाट ठेवला तर तार त्या बारा मिलिमीटरवर लोळत कंप पावते आणि सतारीसारखा झणत्कार निघतो. सतारीला तो हवा असतो, तिथे जवारी मुद्दाम काढतात. आपल्याला इथे ती नकोय. म्हणून नटचा वरचा पृष्ठभाग डोक्याकडे उतरता घासा आणि ब्रिजचा भोकांकडे उतरता. तार टेकेल ती फक्त आतली कड. याच दोन कडांमध्ये ५७१.५ मोजायचं. बारच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजणारे १२ मिमीला फसतात.

खाचा घालताना गिटारवाल्यांची सवय आडवी येते. साध्या गिटारमध्ये तारांचा खालचा भाग महत्त्वाचा, कारण खाली फ्रेट असतात. इथे स्टीलचा बार वरून टेकतो, म्हणून सहाही तारांची पाठ एका पातळीत हवी. जाड तारेची खाच खोल, बारीक तारेची नुसती ओरखड्याएवढी. कुठलीही खाच तार पूर्ण आत बुडेल एवढी खोल नको, नाहीतर बार नटजवळ आणला की धातूवर धातू घासतो.

कोणत्या तारा लावणार हे आत्ताच ठरलेलं हवं, ते याच कारणासाठी. पुढे वेगळ्या सुरावटीसाठी वेगळ्या जाडीच्या तारा लावल्यात तर खाचा पुन्हा कराव्या लागतील.

तपासा: सहाही तारांचे छोटे तुकडे खाचांत ठेवून वर काचेची पट्टी ठेवा. एखादी तार आणि पट्टी यांच्यामधून उजेड दिसतोय का? दिसत असेल तर बाकीच्या खाचा त्या सर्वांत खालच्या तारेपर्यंत उतरवा. खोल गेलेली खाच भरायच्या भानगडीत पडू नका.

६. पिकअपची आणि नॉबची खोबण

राउटर नसेल तर काही अडत नाही. आखणीच्या आत शेजारी-शेजारी भोकं पाडा, ड्रिलच्या बिटला खोलीच्या खुणेसाठी चिकटपट्टी गुंडाळा, आणि मधलं लाकूड पटाशीने काढा. पिकअपला २० ते २२ मिमी खोली पुरते.

नॉबची खोबण सर्वांत बारीक तारेच्या बाजूला करा, म्हणजे वाजवताना तुमच्यापासून लांबच्या बाजूला. करंगळी तिथे सहज पोचते. बाहेरच्या कडेला निदान १० मिमीची भिंत सोडा. वरून २ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं झाकण येईल आणि दोन्ही पॉट त्यालाच लटकतील.

जॅकसुद्धा त्याच झाकणावर लावायचा मोह होतो. नका लावू. पिन आत गेली की तिचं टोक सॉकेटच्या बरंच खाली उतरतं आणि खोबणीच्या तळाला टेकतं. झाकण वर उचललं जातं, नाहीतर पिन अर्धवट बसते. जॅक फळीच्या उजव्या टोकाच्या कडेला आडवा घ्या.

पिकअपच्या खोबणीतून नॉबच्या खोबणीत, तिथून जॅककडे, आणि ब्रिजच्या बारखालून नॉबच्या खोबणीत, असे तीन बोगदे लागतात. तिसरा हमखास विसरला जातो. तो तारांच्या अर्थिंगसाठी आहे.

७. सुरांच्या रेघा

सगळ्यांत जास्त बिघडणारी पायरी हीच, म्हणून जरा थांबू.

माझ्या पहिल्या वाद्यात मी प्रत्येक घराचं अंतर काढून, दुभाजकाने (कंपासपेटीतल्या डिव्हायडरने) एकापुढे एक पावलं टाकत गेलो. प्रत्येक पावलात पाव मिमीची चूक, बाराव्या घरापर्यंत तीन मिमी. त्या वाद्यावर वरचा षड्ज रेघेवर कधी लागलाच नाही. रेघ बघायची नाही, कानाने लावायचं, असं मी सहा महिने मनाला समजावत होतो.

प्रत्येक रेघ शून्यापासून, म्हणजे नटच्या आतल्या कडेपासून, मोजायची. स्टीलची पट्टी एकदा चिकटपट्टीने बसवली की सगळ्या खुणा होईपर्यंत हलवायची नाही. ५७१.५ मिमीसाठी मापं अशी:

पहिली ३२.१
दुसरी ६२.४
तिसरी ९०.९
चौथी ११७.९
पाचवी १४३.४
सहावी १६७.४
सातवी १९०.१
आठवी २११.५
नववी २३१.७
दहावी २५०.८
अकरावी २६८.८
बारावी २८५.८

बारावी रेघ बरोबर मध्यावर येते. तिच्यापुढच्या रेघांना वेगळं गणित नको: २८५.७५ मध्ये वरच्या मापांचं अर्धं मिळवा. पंधरावी तिसरीवरून ३३१.२, एकोणिसावी सातवीवरून ३८०.८, चोविसावी ४२८.६. तुमची लांबी वेगळी असेल तर एकूण लांबीला १७.८१७ ने भागा, ती पहिली रेघ. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, ते पहिल्या आणि दुसऱ्या रेघेतलं अंतर. असं पुढे. बेरीज मात्र नेहमी शून्यापासूनची लिहा.

रेघा फिकट रंगाच्या सनमायकाच्या पट्टीवर, पातळ टोकाच्या न पुसणाऱ्या पेनने काढा आणि पट्टी फळीवर चिकटवा. संगणकावर काढून छापणार असाल तर छापताना शंभर टक्के मापच निवडा. ‘पानावर बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळं थोडंसं आक्रसतं आणि डोळ्याला कळत नाही. छापून झालं की बारावी रेघ पट्टीने मोजा.

पट्टी आत्ता कायमची चिकटवू नका. दोन टोकांना दुहेरी चिकटपट्टी पुरे.

८. पॉलिश न करता तारा चढवा

हो, कच्च्या लाकडावरच. वायरिंगही झालेलं नसताना. नट आणि ब्रिज स्क्रूने बसवा, तारा चढवा, पूर्ण सुरात आणा.

ओपन डी लावा. जाडीकडून बारीककडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. आपल्या भाषेत सा प सा ग प सा. कुठेही बार आडवा ठेवला की पूर्ण स्वरमेळ मिळतो: पाचव्या रेघेवर मध्यमाचा, सातव्यावर पंचमाचा. ज्यांना सी सिक्स्थ ही दुसरी सुरावट लावायचीय त्यांना वेगळ्या जाडीच्या तारा लागतील, कारण त्यात सगळ्यांत जाड तारसुद्धा बरीच वर, सी वर असते. १२-५२ च्या सेटमधली जाड तार तिथपर्यंत ताणू नका.

आता बाराव्या रेघेच्या बरोबर वर तारेला बोट अलगद टेकवा आणि छेडा. घंटेसारखा स्वच्छ सूर तिथेच निघाला पाहिजे. रेघेच्या एक-दोन मिमी पुढेमागे निघाला तर रेघांची पट्टी तेवढी सरकवा. म्हणूनच ती चिकटवली नव्हती. बारावीवर जमलं की सातव्या आणि पाचव्या रेघेजवळही असेच सूर मिळतात, अर्धा मिमी फरकाने.

वाद्य असंच दोन-तीन दिवस तारा ताणून ठेवा. रोज सकाळी किती उतरलंय ते बघा. पहिल्या दिवशी उतरणारच. तिसऱ्या दिवशीही उतरत असेल तर मागची पट्टी किंवा चाव्यांचे स्क्रू बघा.

मग सगळं उतरवा, घासा, पॉलिश करा. ब्रिजखालचा भाग आणि वायरीचे बोगदे कोरडे ठेवा.

९. वायरिंग पुठ्ठ्यावर

खोबणीत वाकून सोल्डरिंग करणाऱ्याची वायर जळते आणि पॉलिशही. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, झाकणाच्या मापाची दोन भोकं पाडा, पॉट उलटे बसवा. पाठ वर, तिन्ही पाय तुमच्याकडे.

पॉटची पाठ कानसेने किंवा पॉलिश पेपरने खरवडा, चकचकीत आवरणावर डाग (सोल्डरचा जोड) धरत नाही. सोल्डरिंगची इस्त्री २५ ते ४० वॅटची, सोल्डर ६०/४०. आधी धातू तापवा, मग सोल्डर लावा. सोल्डर इस्त्रीवर वितळवून वरून थापला तर तो दवबिंदूसारखा गोळा होऊन बसतो, दिसतो छान आणि दोन महिन्यांनी सुटतो.

व्हॉल्यूमचा पॉट, असाच पाठ वर आणि पाय तुमच्याकडे असताना:

• डाव्या पायाला पिकअपची गरम वायर.
• मधल्या पायाला जॅकच्या टोकाकडे जाणारी गरम वायर.
• उजवा पाय मागे वाकवून पॉटच्या पाठीला डाग.

टोनचा पॉट:

• व्हॉल्यूमच्या डाव्या पायापासून एक वायर टोनच्या उजव्या पायाला.
• मधल्या पायापासून कपॅसिटर टोनच्या पाठीला. याला उलटसुलट नसतं.
• डावा पाय रिकामा.

मग दोन्ही पॉटच्या पाठी एका वायरने जोडा. व्हॉल्यूमच्या पाठीवर पिकअपची जाळी, जॅकच्या बाहेरच्या कड्याची वायर आणि ब्रिजकडून येणारी वायर, तिन्ही येतात. पाठ तापायला वेळ लागतो, पण इस्त्री दहा सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवू नका, आतला कार्बन भाजतो. नाही जमलं तर थंड होऊ द्या आणि पुन्हा करा.

चार वायरींच्या हंबकरमध्ये आधी मल्टिमीटरने दोन जोड्या शोधा. प्रत्येक कॉइल साधारण चार के दाखवते. एका जोडीतली एक वायर दुसरीतल्या एकीला जोडून, टोकाच्या दोन वापरायच्या. एकूण आठ के दिसेलच, जोड उलटा असला तरीही, त्यामुळे कोणती कोणाला हे कागद बघूनच ठरवा. उलटा जोडला की आवाज पोकळ आणि बारीक येतो.

तपासा, ॲम्पला न जोडता: जॅकमध्ये केबल घाला आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर २० के वर लावा. व्हॉल्यूम पूर्ण: पिकअपचाच आकडा, हंबकरला सात ते नऊच्या आसपास. व्हॉल्यूम शून्य: शून्य. नॉब मधे ठेवल्यावर आकडा उडून जातो आणि मीटर ‘१’ दाखवतो. इथे लोक घाबरून सगळं उकलतात. ते बरोबरच आहे, मधल्या जागी पॉटचा रोध बराच वर जातो आणि २० के च्या पट्ट्यात मावत नाही.

नॉब उलटा चालत असेल, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर आवाज वाढत असेल, तर डावा-उजवा पाय बदललेत.

१०. आत बसवणं आणि अर्थिंग

पुठ्ठ्यावरून सगळा संच उचलून झाकणावर घ्या. खोबणीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावा. स्वयंपाकघरातली फॉइल वापरता येते, पण तिला डाग बसत नाही. वायरीचं टोक स्क्रूखाली दाबून जोडावं लागतं. फॉइल जॅकच्या गरम पायाला शिवली की वाद्य मुकं. तिथे इन्शुलेशन टेप गुंडाळा.

ब्रिजखालची वायर: टोकाचं आवरण दोन सेंटिमीटर सोला, धागे पंख्यासारखे पसरा, त्यावर बार दाबून स्क्रू घट्ट करा. बारची खालची बाजू घासून लख्ख केलेली हवी. मग मीटरने कोणतीही तार आणि जॅकचं बाहेरचं कडं यांच्यात शून्य यायला हवं.

सावध, आणि हे हसण्यावारी नेऊ नका: या वायरीमुळे तारा केबलमधून थेट ॲम्पच्या अर्थला जोडल्या जातात. घराला अर्थिंग नसेल किंवा ॲम्पची तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घातली असेल, तर तारांना हात लावताच मुंग्या येतात, आणि माइकला ओठ लागला तर त्याहून वाईट. तारांची वायर काढून टाकणं हा त्यावर उपाय नव्हे. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, तोवर ॲम्प लावू नका.

११. पहिला आवाज, आणि नसला तर

तारा चढवण्याआधी, व्हॉल्यूम कमी ठेवून, ॲम्प लावा आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरने पिकअपच्या खांबावर हलकेच टकटक करा. ठकठक ऐकू आली की वायरिंग झालं. मग तारा. पिकअपची उंची तारांखाली ३-४ मिमी. जाड तारा गुरगुरत असतील तर ती बाजू आणखी खाली घ्या.

गुणगुण आहे आणि तारांना हात लावल्यावर कमी होते: सगळं ठीक, हंबकरमध्येही थोडी असते. तारांना हात लावल्यावर गुणगुण वाढते: जॅकच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. हात लावून काहीच फरक नाही: ब्रिजखालची वायर धरलेली नाही. नॉब फिरवताना खरखर: नव्या पॉटमध्ये नसावी, असली तर पॉट बदला. टोन फिरवून काहीच होत नाही: कपॅसिटरचा पाठीवरचा डाग बघा, दहात नऊ वेळा तोच सुटलेला असतो.

स्टीलचा बार विकत घ्यायचा नसेल तर ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये जुनी गजन पिन (पिस्टनमधली पिन) मागा. कडक, गुळगुळीत, हाताला वजनदार. रॉकेलने पुसा, आणि नखाने चाचपून ओरखडा नाही ना ते बघा. ओरखडा असलेली बाजू तारेवर आली की घासल्याचा आवाज ॲम्पमधून थेट ऐकू येतो. बार रेघेच्या मागे नाही, बरोबर वर ठेवायचा, आणि डोकं त्या रेघेच्या सरळ वर आणून बघायचं. बाजूने बघितलं तर तारा आणि पट्टी यांच्यातल्या दहा मिमीमुळे रेघ सरकलेली दिसते.

रेघांची पट्टी कायमची चिकटवायची ती आता, तारा पुन्हा सुरात आल्यावर आणि बाराव्या रेघेवरची घंटा परत एकदा ऐकून.